डाव्या-उजव्या हाताचे पत्र्याचे पार्ट: एकच मॉडेल, एकदाच मिरर

चाळीस डावे आणि चाळीस उजवे ब्रॅकेट मागवले आणि ऐंशीच्या ऐंशी उजवेच आले, हा प्रकार भोसरी-चाकणच्या शीट मेटल शॉपना नवा नाही. लेझरवाल्याने फाइलप्रमाणे कापलेलं असतं, बेंडिंगवाल्याने ड्रॉइंगप्रमाणे वाकवलेलं असतं. चूक बहुतेक वेळा कॅडमध्येच होते: मिरर (आरशातली उलटी प्रत) एकदा कमी केला जातो, नाहीतर एकदा जास्त. डिप्लोमा किंवा आयटीआय करून नुकतेच डिझाइनला बसलेल्यांसाठी हे काम इथे पहिल्यापासून शेवटपर्यंत मांडलं आहे. उदाहरण एकच घेऊ, म्हणजे आकडे डोळ्यासमोर राहतील.

उदाहरणाचा पार्ट: २ मिमी सीआरसीए (कोल्ड रोल्ड) पत्रा, म्हणजे बाजारात ज्याला चौदा गेज म्हणतात तो. बेस १२० × ६० मिमी. मागच्या लांब कडेला ४० मिमी उंचीची फ्लँज (वाकवलेली कड), उजव्या टोकाला २५ मिमीची फ्लँज, दोन्ही वर वाकलेल्या, दोन्ही ९० अंशात. मापं बाहेरून बाहेर. बेसमध्ये एम८ बोल्टसाठी ९ मिमीची दोन होल, ४० च्या फ्लँजमध्ये एक स्लॉट. हा झाला उजवा. डाव्यात २५ ची फ्लँज डाव्या टोकाला येईल.

आधी ठरवा: डावं कोणाचं?

गाडीच्या कामात डावं-उजवं नेहमी गाडीत पुढे तोंड करून बसलेल्या माणसाचं धरतात. समोर उभं राहून बघणाऱ्याचं नाही. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो, म्हणून ड्रायव्हरच्या बाजूचा पार्ट आरएच, म्हणजे उजव्या हाताचा. इथे नवीन माणूस हमखास गोंधळतो, कारण ड्रॉइंगवर आरएचडी हा शब्दही दिसतो. आरएचडी म्हणजे स्टिअरिंग उजवीकडे असलेली गाडी. त्या गाडीसाठीचा एखादा ब्रॅकेट डाव्या बाजूला बसणारा, म्हणजे एलएच असू शकतो. एक्स्पोर्टच्या कामात एकाच असेंब्लीत एलएचडी, आरएचडी, एलएच, आरएच असे चारही शब्द येतात, म्हणून पार्टच्या नावात त्यांच्या जागा पक्क्या ठेवा.

कंट्रोल पॅनेल, कपाटं, मशीनचे गार्ड यांत उलट रीत आहे. तिथे समोर उभ्या माणसाचं डावं-उजवं धरतात. 'डावा दरवाजा' एवढंच लिहून आलं तर ते बिजागरी डावीकडे की मूठ डावीकडे, हे फोन करून विचारा आणि उत्तर ड्रॉइंगवर लिहून टाका.

खरंच दोन हात आहेत का?

दुसरं मॉडेल करण्याआधी ही तपासणी करा, कारण इथे अख्खा एक पार्ट नंबर वाचू शकतो. पार्टला आरपार जाणारी एखादी समरूपतेची पातळी असेल, तर त्याचा आरसा म्हणजे तोच पार्ट. मधोमध होल असलेला साधा एल-ब्रॅकेट घ्या: डावा-उजवा असा भेदच नाही.

फसवणारी गोष्ट झेड-ब्रॅकेटची आहे. दोन्ही फ्लँज सारख्या उंचीच्या, वरच्या फ्लँजचं होल रुंदीच्या मध्यापासून १० मिमी एका बाजूला आणि खालच्याचं १० मिमी दुसऱ्या बाजूला. बघताक्षणी वाटतं की याला डावा-उजवा हवाच. पण याच्या मिररची प्रत हातात फिरवली तर ती मूळ पार्टवर तंतोतंत बसते. प्लेनने अर्धा-अर्धा कापून समरूप होत नसला, तरी मध्यबिंदूच्या आरपार तो समरूप आहे. डोळ्यावर विश्वास ठेवू नका. असेंब्लीत मूळ आणि मिरर दोन्ही आणा, एकावर एक बसवा आणि इंटरफिअरन्स तपासा. एकमेकांत शिरलेल्या आकारमानाचा आकडा पूर्ण पार्टइतका आला तर दोन्ही पार्ट एकच आहेत.

याच्या उलट, पार्ट जवळजवळ समरूप असेल, म्हणजे एखादं होल फक्त २-३ मिमीने सरकलेलं असेल, तर डिझाइन बदलता येतं का ते आधी बघा. होल मध्यावर आणलं की डावा-उजवा प्रश्नच मिटतो. जमत नसेल तर फरक डोळ्याला दिसेल इतका मोठा करा. २ मिमीचा फरक लाइनवरचा माणूस हातात धरून ओळखू शकत नाही, आणि त्याने ओळखावा अशी अपेक्षाही ठेवू नये.

मास्टर मॉडेल

दोन हातांपैकी एकच मास्टर. प्रोजेक्टभर एकच नियम ठेवा: ग्राहकाच्या ड्रॉइंगवर जो दाखवला आहे तो मास्टर, दुसरा त्याच्यापासून निघालेला. काही पार्टमध्ये एलएच मास्टर आणि काहींत आरएच असं झालं, की सहा महिन्यांनी कोणती फाइल उघडायची हे कोणालाच सांगता येत नाही.

ओरिजिन कुठे ठेवता हेही महत्त्वाचं. पार्ट गाडीच्या को-ऑर्डिनेटमध्ये करत असाल तर वाय शून्य ही गाडीची मधली पातळी, आणि मिरर तिच्यावरच घ्यायचा. डावा पार्ट आपोआप आपल्या जागी जाऊन बसतो. सुटा पार्ट करत असाल तर बेसच्या मध्यावर ओरिजिन ठेवा आणि १२० मिमी दोन्हीकडे ६०-६० वाटून घ्या. मिररची पातळी मध्यावर असली की पुढची तपासणी सोपी होते.

मग शीट मेटलचे आकडे. इथे सॉफ्टवेअरमध्ये आधीपासून भरलेले आकडे तसेच ठेवू नका. ज्या शॉपला काम जाणार आहे त्यांना विचारा: २ मिमीला कोणती डाय लावता? साधारणपणे व्ही-डायचं तोंड जाडीच्या ८ पट घेतात, म्हणजे १६ मिमी. एअर बेंडिंगमध्ये (पत्रा डायच्या तळाला न टेकवता वाकवताना) आतला रेडियस पंचापेक्षा डायवर ठरतो आणि माइल्ड स्टीलला तो तोंडाच्या साधारण १६ टक्के येतो, म्हणजे सुमारे २.५ मिमी. के-फॅक्टर (न ताणणारा थर आतल्या बाजूपासून जाडीच्या किती भागावर आहे तो आकडा) ०.४२ धरला तर ९० अंशाच्या बेंडची लांबी १.५७०८ × (२.५ + ०.४२ × २) = ५.२५ मिमी. बाहेरून बाहेर मापातून वजा करायचा आकडा: ४.५ + ४.५ − ५.२५ = ३.७५ मिमी. म्हणून आपल्या ब्लँकची (वाकवण्याआधीच्या सपाट तुकड्याची) लांबी १२० + २५ − ३.७५ = १४१.२५, आणि रुंदी ६० + ४० − ३.७५ = ९६.२५ मिमी. रेडियस १ आणि के-फॅक्टर ०.५ असा कुठलातरी आकडा राहून गेला असता, तर वजावट २.८६ आली असती आणि प्रत्येक बेंडमागे जवळजवळ ०.९ मिमी जास्तीचं कापलं गेलं असतं. शॉपचं स्वतःचं बेंड टेबल असेल तर या सगळ्या हिशेबापेक्षा ते टेबल खरं माना.

फ्लँजचा क्रम: बेस, मग ४० ची, मग २५ ची. दोन्ही फ्लँज एका कोपऱ्यात भेटतात, तिथे कॉर्नर रिलीफ (कोपऱ्यातला छोटा कट) द्या आणि दोन फ्लँजमध्ये ०.५ मिमीची फट ठेवा. रिलीफ नसेल तर वाकवताना कोपरा फाटतो किंवा फुगतो. होल बेंडच्या जवळ नको. १६ च्या डायवर बेंड लाइनपासून ८ मिमीच्या आत होलची कड आली तर तिथला पत्रा डायच्या तोंडात ओढला जातो आणि गोल होल लांबट होतं. फ्लँजही फार छोटी नको: या डायवर ११ मिमीपेक्षा कमी फ्लँज टेकत नाही, डायमध्ये घसरते.

मास्टरमध्ये काय नसावं, हे त्याहून महत्त्वाचं. पार्ट नंबरची अक्षरं, बाणाची खूण, लोगो, मॉडेल केलेले आटे, दाबून बसवायचे नट, खाच असलेल्या कनेक्टरचा कटआउट: यांचा मिरर घेतला की चुकीची गोष्ट तयार होते. अक्षरं आरशात वाचावी तशी उलटी येतात. खऱ्या हेलिक्सने काढलेला आटा डाव्या आट्याचा होतो, आणि तसा नट दुकानात मागितला तर सहज मिळणार नाही. ही सगळी फीचर मिररनंतर, प्रत्येक हाताच्या फाइलमध्ये वेगळी घाला. बोल्ट, नट, बिजागऱ्या यांचा मिरर कधीच नको; असेंब्लीत त्यांची फक्त जागा बदलते, वस्तू तीच राहते.

मिरर घेणं

सॉलिडवर्क्समध्ये मास्टर उघडा, मधलं प्लेन निवडा, इन्सर्ट मेनूतून मिरर पार्ट घ्या. पर्यायांच्या यादीत सॉलिड बॉडीबरोबर शीट मेटल इन्फर्मेशनवर टिक करा. ती राहिली तर समोर दिसायला बरोबर पण आतून नुसता ठोकळा येतो, आणि फ्लॅट पॅटर्न, म्हणजे उलगडलेला सपाट आकार, निघतच नाही. मूळ पार्टशी असलेली लिंक तोडण्याचा पर्यायही तिथेच आहे. त्याला हात लावू नका. फीचर ट्रीमध्ये नावापुढच्या बाणावर लक्ष ठेवा: नुसता बाण म्हणजे लिंक चालू, बाणापुढे फुली म्हणजे तुटलेली, तारा म्हणजे कुलूप लावलेली. मास्टरमध्ये होल ५ मिमी सरकवलं आणि डाव्यात ते हललं नाही, तर आधी हेच बघायचं.

इन्व्हेंटरमध्ये नवीन शीट मेटल टेम्प्लेट उघडून डिराइव्हने मास्टर आणतात आणि तिथेच मिररवर टिक करून प्लेन निवडतात. नवीन फाइलची जाडी २ मिमी आहे ना, हे लगेच बघा. टेम्प्लेटची जाडी वेगळी असली की उलगडताना फ्लॅट पॅटर्न अडतो. क्रिओमध्ये सेव्ह अॅजमध्ये मिरर पार्ट मिळतो. तिथे फक्त जॉमेट्री की फीचरसह, आणि मूळ पार्टवर अवलंबून की सुटा, असं विचारतात. सॉलिड एजमध्ये पार्ट कॉपी करताना मिररचा पर्याय आहे. फ्रीकॅडवर काम करणाऱ्यांनी पार्ट वर्कबेंचमधलं मिररिंग वापरून शीटमेटल वर्कबेंचमध्ये उलगडावं.

काही जण एकाच फाइलमध्ये दोन कॉन्फिगरेशन ठेवतात. लहान कामाला चालतं, पण पार्ट नंबर दोन आणि फाइल एक झाली की रिव्हिजनचा हिशेब गुंतागुंतीचा होतो. आमचा कौल दोन फाइल आणि एका लिंकला. मास्टर सेव्ह अॅज करून फ्लँजची बाजू हाताने बदलत बसणं मात्र कधीच करू नका. पहिल्याच रिव्हिजनला दोन हात एकमेकांपासून सुटतात.

मिरर झाला की अर्ध्या मिनिटाची तपासणी. दोन्ही फाइलचं वजन आणि पृष्ठफळ शेवटच्या दशांशापर्यंत सारखं हवं. गुरुत्वमध्याचे तीन आकडे बघा: मिररच्या पातळीला काटकोनात असलेल्या अक्षाचा आकडा तेवढाच पण उलट चिन्हाचा, बाकीचे दोन जसेच्या तसे. बेंडची संख्याही सारखीच. यातला एक जरी आकडा वेगळा आला तर मिरर नाही, दुसराच पार्ट झालेला आहे.

एक ब्लँक, दोन हात

आता सगळ्यात गंमतीची आणि सगळ्यात जास्त चुकांची जागा. घरातली जुनी लग्नपत्रिका घ्या. पुठ्ठ्याचे दोन सारखे आयत कापा, दोघांच्याही त्याच कोपऱ्यातून सारखाच चौकोनी तुकडा काढून टाका. एक लांब पट्टी आणि एक आखूड पट्टी अशा दोन फ्लँज तयार होतील. पत्रिकेची छापलेली बाजू पहिल्या तुकड्यात खाली ठेवा आणि दोन्ही पट्ट्या वर वाकवा. दुसरा तुकडा पालथा करा, म्हणजे छापलेली बाजू वर, आणि पट्ट्या पुन्हा वरच वाकवा. दोन्ही शेजारी ठेवा. एक उजवा झाला, एक डावा. कापलेला आकार मात्र एकच होता.

म्हणजे साध्या सपाट पत्र्याला डाव्या आणि उजव्यासाठी दोन वेगळ्या डीएक्सएफ (लेझरला द्यायच्या कटिंग फाइल) लागत नाहीत. १४१.२५ × ९६.२५ चा एकच ब्लँक ऐंशी नग कापायचा. चाळीस सरळ वाकवायचे, चाळीस पालथे करून वाकवायचे. नेस्टिंग (पत्र्यावर नगांची मांडणी) सोपं होतं, आणि एका हाताचे नग कमी पडले तर ब्लँक वाया जात नाही.

नवशिक्याची चूक इथेच होते. डाव्याचा फ्लॅट पॅटर्न उघडतो, तो उजव्यासारखाच दिसतो, फक्त बेंडच्या टिपेत 'अप ९०' ऐवजी 'डाउन ९०' लिहिलेलं असतं. त्याला वाटतं मिरर झालाच नाही, म्हणून तो ड्राफ्टिंगमध्ये डीएक्सएफ आणखी एकदा मिरर करतो. बाहेरचा आकार उलटतो, टीप 'डाउन'च राहते. त्याप्रमाणे वाकवलं की पुन्हा उजवाच पार्ट तयार. दोनदा आरसा म्हणजे मूळ रूप. म्हणून नियम: मिरर मॉडेलमध्ये एकदाच. फ्लॅट पॅटर्नला, डीएक्सएफला, ड्रॉइंगच्या व्ह्यूला परत हात लावायचा नाही. डीएक्सएफमध्ये वर वाकणाऱ्या आणि खाली वाकणाऱ्या बेंड लाइन वेगवेगळ्या लेअरवर ठेवा, म्हणजे बेंडिंगवाल्याला टीप शोधावी लागत नाही.

सामायिक ब्लँक कुठे चालत नाही, हे नीट लक्षात ठेवा. पत्रा पालथा केला की वरची बाजू खाली जाते, म्हणून ज्या पत्र्याला चांगली बाजू आणि वाईट बाजू आहे तिथे ही युक्ती बाद. ब्रश फिनिशचा पीव्हीसी फिल्म लावलेला ३०४ स्टेनलेस, प्री-कोटेड पत्रा, चेकर्ड प्लेट: एका हाताची शोभेची बाजू बाहेर येईल आणि दुसऱ्याची आत. अशा वेळी दोन स्वतंत्र डीएक्सएफ, आणि त्या दोन्ही शोभेच्या बाजूने बघून काढलेल्या. काउंटरसिंकचंही तसंच. उजव्यात तो बाहेरच्या बाजूने आहे. तोच ब्लँक पालथा केला की डाव्यात काउंटरसिंक आत जातो. एकतर बेंड झाल्यावर करा, नाहीतर ब्लँक वेगळे करा. टरेट पंचवर काढलेले लूव्हर आणि एम्बॉसही एकाच बाजूला उठतात, त्यामुळे त्यांनाही दोन प्रोग्राम.

बर, म्हणजे कापल्यावर कडेला राहणारा खरखरीत काठ, ही मधली गोष्ट. लेझरची बर खालच्या बाजूला राहते. सामायिक ब्लँकमध्ये ती एका हाताच्या बेंडच्या आत आणि दुसऱ्याच्या बाहेर येते. बर बाहेर, म्हणजे ताणाच्या बाजूला आली, तर जाड किंवा कडक पत्र्यात तिथूनच तडा सुरू होतो. २ मिमी सीआरसीएला नीट डीबर केलं की पुरतं. ६ मिमी एचआर (हॉट रोल्ड) पत्र्याला मात्र हा विचार आधी करा.

आणि ब्लँकवर लेझरने 'आरएच' कोरू नका. तोच ब्लँक उद्या डावा होणार आहे. ओळखीसाठी खाच दिली तरी ती दोन्ही हातांत येणार. हाताची खूण बेंड झाल्यावरच करायची: पंचाचा एक ठोका डाव्याला, दोन उजव्याला, किंवा रंगाचा ठिपका.

ड्रॉइंग

'आरएच दाखवला आहे, एलएच विरुद्ध' ही एका ओळीची टीप जुन्या ड्रॉइंगवर सर्रास दिसते. अनुभवी टूलरूमला ती पुरते. नवीन पार्टसाठी ती वापरू नका. दोन्ही हातांचा आयसोमेट्रिक व्ह्यू शीटवर टाका, प्रत्येकाखाली पार्ट नंबर लिहा. कारण सपाट व्ह्यूमधून हात ओळखणं पूर्णपणे प्रोजेक्शनवर अवलंबून असतं. भारतीय मानक ब्युरोच्या एसपी ४६ प्रमाणे आपण फर्स्ट अँगल वापरतो. अमेरिकन ग्राहकाचं ड्रॉइंग थर्ड अँगलमध्ये येतं. थर्ड अँगलचं ड्रॉइंग फर्स्ट अँगल समजून वाचलं की बाजूचा व्ह्यू विरुद्ध बाजूचा मानला जातो, आणि मापं सगळी बरोबर असूनही पार्ट उलट्या हाताचा होतो. टायटल ब्लॉकमधलं छाटलेल्या शंकूचं चिन्ह बघितल्याशिवाय मॉडेल सुरू करू नका.

दोन्ही हातांची रिव्हिजन एकत्रच वाढवा, बदल एकाच हातात असला तरी. डावा रेव्ह बी आणि उजवा रेव्ह सी असं झालं की स्टोअरला जोड्या लावता येत नाहीत.

बेंडिंगवर पाठवताना

२५ ची फ्लँज आधी, ४० ची नंतर, हा क्रम दोन्ही हातांना सारखा. फरक एवढाच की ४० ची वाकवताना २५ ची फ्लँज एका टोकाला उभी असते आणि पंच तिला लागता कामा नये. उजव्यात पंचाची कड एका बाजूला जुळवायची, डाव्यात दुसऱ्या. म्हणून एका सेटिंगमध्ये एकाच हाताचे सगळे नग काढायला सांगा. एक डावा, एक उजवा असं आळीपाळीने काढू देऊ नका.

प्रत्येक हाताचा पहिला नग वाकवून झाला की दोन्ही नग टेबलावर पाठीला पाठ लावून ठेवायला सांगा, लांब फ्लँज एकमेकींना चिकटलेल्या. आपल्या ब्रॅकेटमध्ये २५ च्या फ्लँज एकाच टोकाला आल्या तर जोडी बरोबर आहे. विरुद्ध टोकांना गेल्या तर दोन्ही नग एकाच हाताचे आहेत, आणि तिसरा नग वाकवायच्या आत काम थांबवायचं. या जोडीचा फोटो मागवून घ्या, ड्रॉइंगवरच्या आयसोमेट्रिकशी ताडून बघा, मगच पुढच्या अठ्ठ्याहत्तर नगांना होकार द्या. तयार माल दोन रंगांच्या क्रेटमध्ये, आणि क्रेटवर अक्षरांबरोबर एक नमुना नग बांधलेला.